एकाच बाजूला दारे असलेली गाडी

आगगाडीविषयी लिहिणाऱ्यांनी इंजिनावर जेवढी शाई खर्च केली आहे, तिचा शतांश हिस्साही डब्याच्या वाट्याला आलेला नाही. वास्तविक उतारूचा आणि इंजिनाचा संबंध धुरापुरता आणि डोळ्यांत जाणाऱ्या कोळशाच्या कणापुरता. ज्याच्याशी त्याचा देह प्रहर प्रहर लागून असतो, ज्याच्या बाकावर तो शिदोरी सोडतो, पेंगतो, जागेसाठी भांडतो आणि उतरण्यापूर्वी त्याच भांडखोर शेजाऱ्याच्या भाचीला स्थळ सुचवून जातो, तो डबा. आपल्या भाषेने हे पूर्वीच ओळखले आहे. ‘गाडीला गर्दी होती’, ‘गाडीत जागा मिळाली’ असे आपण म्हणतो तेव्हा गाडी म्हणजे डबेच अभिप्रेत असतात, आणि इंजिन म्हणजे बैलांच्या जागी जुंपलेले जनावर, गाडीचे असूनही गाडीबाहेरचे, असाच त्या बोलण्याचा रोख असतो.

जुन्या वस्तूंच्या जतनाच्या व्यवहारात मात्र हे पारडे उलटे फिरते. इंग्लंडातील सरकारी रेल्वेने वाफेची इंजिने मोडीत काढली तेव्हा त्यांपैकी बरीच वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील बॅरी या गावी वुडहॅम नामक भंगारवाल्याच्या आवारात येऊन पडली, आणि समुद्राचा खारा वारा खात तिथे वर्षानुवर्षे उभी राहिली. पुढे हौशी मंडळींनी वर्गण्या गोळा करून त्यांतली तब्बल २१३ इंजिने एकामागून एक विकत घेऊन सोडवली. लोखंड गंजले तरी तग धरते. लाकडाला तेवढी सवड नसते. डब्याच्या छपरावरचे कापड एका ठिकाणी फाटले की पाणी आत शिरते, उभ्या खांबांतून खाली उतरते, तळाच्या तुळईत मुरते, आणि काही हिवाळ्यांत दार आपल्याच वजनाने बिजागरीतून निखळून पडते. शिवाय मोडीत काढताना लाकडी डबे सरळ पेटवून देण्याचा शिरस्ता होता, कारण लाकूड जळून गेले म्हणजे खालचे पोलाद वेगळे करण्याची मजुरी वाचे. तेव्हा एकोणिसाव्या शतकातला एखादा उतारूंचा डबा आज त्या देशात चालताना दिसला, तर तो कुणाच्या दूरदृष्टीने वाचला असे सहसा नसते. एक तर त्याचा मालक नवा डबा घेण्याइतका सधन नव्हता, किंवा तो डबा रुळांवरून उतरून भलत्याच कामाला लागला होता. या दोन्ही तऱ्हांची उदाहरणे एकाच ठिकाणी पाहावयाची तर मध्य वेल्समधील तालिथ्लिन रेल्वेकडे वळले पाहिजे. (या नावातील जोडलेला ‘ल’ वेल्श लोक जिभेच्या कडेने वारा सोडून उच्चारतात, तो देवनागरीत नेमका उतरत नाही, वाचकांनी क्षमा करावी.)

या रेल्वेच्या जन्माशी आपल्या मुंबईचा दूरचा, पण खरा संबंध आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरे बंद पडली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्या दुष्काळाने मुंबईत सोन्याचा पाऊस पाडला, प्रेमचंद रायचंदांसारख्यांना सट्ट्याचे सम्राट केले आणि समुद्र हटवण्याच्या कंपन्यांचे कागद घराघरांत पोहोचवले, हा इतिहास मराठी वाचकाला परिचित आहे. त्याची दुसरी बाजू अशी की, मँचेस्टरच्या गिरणीमालकांना आपले भांडवल कुठे तरी वळवणे भाग पडले, आणि त्यांपैकी मॅकॉनेल घराण्याने ते वेल्सच्या डोंगरातील पाटीच्या दगडाच्या खाणीत घातले. ब्रिन एग्लुइस ही ती खाण. तिचा दगड समुद्रकाठच्या टाविन गावापर्यंत, मोठ्या रेल्वेच्या रुळांशेजारी आणून टाकण्यासाठी जो कायदा पार्लमेंटने केला, त्याला मंजुरी मिळाली ५ जुलै १८६५ रोजी. बरोबर चार दिवस अगोदर, १ जुलैला, मुंबईत वायद्यांची मुदत भरली होती आणि सट्टेवाल्यांचा बाजार कोसळला होता.

रुळांमधील अंतर ठेवले दोन फूट तीन इंच. आपल्या माथेरानच्या गाडीचे रूळ दोन फुटांचे आणि बार्शी लाइटचे अडीच फुटांचे, या दोहोंच्या बरोबर मध्ये हे माप बसते. दगडासाठी बांधलेल्या या लोहमार्गावर माणसेही न्यावयाची होती, म्हणून चार चाकांचे चार छोटे डबे घेतले. तीन बर्मिंगहॅमच्या ब्राउन मार्शल्स कंपनीचे, एक लँकेस्टर वॅगन कंपनीचा. जोडीला गार्डसाठी पाचवी गाडी, तीही ब्राउन मार्शल्सचीच. तिच्यात तिकिटांची खिडकी होती. वाटेतल्या थांब्यांवर कारकून नेमण्याची कंपनीची ऐपत नव्हती, तेव्हा गार्डनेच गाडी थांबवावी, आपल्या डब्यातल्या खिडकीतून तिकिटे द्यावीत, पैसे मोजून घ्यावेत आणि पुन्हा हिरवे निशाण दाखवावे अशी तजवीज होती.

कायद्याप्रमाणे उतारूंची वाहतूक सुरू करण्यापूर्वी सरकारी तपासनिसाचा दाखला लागे. १८६६ मध्ये त्या कामी आले कॅप्टन टायलर. हा गृहस्थ कागद पाहून सही करणाऱ्यांतला नव्हता. त्याने पुलांखाली उभे राहून मापे घेतली, आणि असे निघाले की रुळांवरून जाणाऱ्या रस्त्यांचे जे कमानी पूल बांधले होते, त्यांची आतली रुंदी नऊ फूट एक इंच एवढीच भरते. डब्याची रुंदी सव्वापाच फुटांहून थोडी अधिक. म्हणजे गाडी बरोबर मध्यातून गेली तर डबा आणि दगडी भिंत यांच्यामध्ये प्रत्येक बाजूस दोन फुटांचीही जागा उरत नव्हती, आणि नियमाप्रमाणे ती अडीच फूट असणे अवश्य होते. गाडी पुलाखाली बंद पडली आणि आत काही अपघात झाला, तर उतारूंनी दारे उघडून बाहेर पडावे कसे, असा त्याचा प्रश्न. सगळे पूल पाडून नव्याने बांधणे कंपनीला परवडणारे नव्हते. तेव्हा तोड निघाली ती मोठी शहाणपणाची. डब्यांची एका बाजूची दारे कायमची बंद करून टाकावी, आणि प्रत्येक पुलाखाली रूळ त्या बंद बाजूकडे सरकवावे. म्हणजे एका बाजूला भिंत जवळ आली तरी दुसऱ्या, उघडणाऱ्या बाजूला माणसाला उतरण्यापुरती वाट मिळेल. त्याप्रमाणे दारे ठोकून बंद झाली, रूळ सरकले, फलाट सगळे एकाच अंगाला आले आणि दाखला मिळाला. चुकीच्या मापाचा पूल बांधणाऱ्याचे नाव आज फारसे कुणी घेत नाही. ती चूक मात्र गाडीच्या देहावर कायमची उमटली.

पुढली ऐंशी वर्षे म्हणजे दारिद्र्याची हकिकत आहे, आणि ती थोडक्यात सांगितली तरी चालेल. पाटीच्या दगडाचा व्यापार चढला, उतरला आणि उतरतच गेला. १९११ मध्ये खाण आणि रेल्वे दोन्ही विकत घेतली ती सर हेन्री हेडन जोन्स यांनी, जे त्या जिल्ह्यातर्फे पस्तीस वर्षे पार्लमेंटात बसले. त्यांनी शब्द दिला होता की आपण हयात आहोत तोवर गाडी चालेल. १९४६ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी खाणीचा मोठा भाग ढासळला आणि खाण बंद झाली. तरी सर हेडन यांनी उन्हाळ्यात आठवड्यातून काही दिवस गाडी सोडण्याचा क्रम मोडला नाही. रुळांत गवत एवढे माजले होते की पाहणाऱ्याला वाटावे, गाडी कुरणातूनच चालली आहे. दोन इंजिनांपैकी एकच धड होते. नवे डबे घेण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतले तेच चार डबे, तीच तिकिटांच्या खिडकीची गाडी. श्रीमंत रेल्वे कंपन्यांनी आपले त्या काळचे डबे तीनदा बदलून मोडीत घातले होते. या गरिबाच्या घरी ते भांडे फुटेपर्यंत वापरावे तसे वापरात राहिले. १९४७ च्या कायद्याने देशातील बहुतेक सर्व रेल्वे सरकारजमा झाल्या, त्या यादीत तालिथ्लिनचे नाव नव्हते. सरकारने घेतली असती तर ती खात्रीने बंद केली असती, असे माझे मत आहे. शेजारची, त्याच मापाच्या रुळांची कोरिस रेल्वे सरकारच्या ताब्यात गेली आणि त्याच वर्षी, १९४८ मध्ये, बंद पडली.

२ जुलै १९५० रोजी सर हेडन वारले आणि शब्दाची मुदत संपली.

इथे एल. टी. सी. रोल्ट यांचे नाव येते. शिक्षणाने यंत्रकार, वृत्तीने लेखक, आणि राहणीने त्या काळी भटका: अरुंद कालव्यांतून चालणाऱ्या एका नावेवर त्यांनी संसार थाटला होता, आणि कालवे बुजू नयेत म्हणून १९४६ मध्ये निघालेल्या संस्थेचे ते एक संस्थापक होते. सहकाऱ्यांशी मतभेद विकोपाला गेल्यामुळे १९५१ च्या प्रारंभी त्या संस्थेने त्यांना काढून टाकले. जतन करणाऱ्यांची संस्था आणि भांडण यांचे सख्य जुने आहे. ज्यांना वस्तूविषयी मनापासून वाटते त्यांना तिच्या रंगाच्या छटेविषयीही मनापासूनच वाटते, आणि पगाराची वेसण नसल्याने कुणी कुणाचे ऐकत नाही. पण कालव्याचे जे नुकसान झाले तो रुळांचा फायदा ठरला. हकालपट्टीच्या आधीच, ११ ऑक्टोबर १९५० रोजी, बर्मिंगहॅमच्या इंपीरियल हॉटेलात रोल्ट यांनी व त्यांच्या मित्रांनी सभा बोलावली होती. जेमतेम सत्तर माणसे जमली. ठरले असे की सर हेडन यांच्या पत्नीने कंपनीचे भाग एका नव्या मंडळाच्या स्वाधीन करावे, आणि सभासदांच्या वर्गणीवर व अंगमेहनतीवर ही गाडी चालवावी. पगारी नोकर मूठभर. बाकी रूळ दुरुस्त करणारे, कोळसा टाकणारे, तिकिटे कापणारे सगळे विनावेतन. १४ मे १९५१ रोजी त्यांची पहिली गाडी टाविनहून रीडरोनेनपर्यंत धावली. उतारूंची रेल्वे स्वयंसेवकांनी हाती घेऊन चालवल्याचे जगातील हे पहिले उदाहरण समजले जाते.

काळाचा योग पाहा. त्याच वसंतात, १८ एप्रिलला, तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांना पहिले भूदान मिळाले होते आणि ‘श्रमदान’ हा शब्द आपल्याकडे थोड्याच दिवसांत घरोघर बोलला जाऊ लागला. दोन्ही प्रसंगांत साम्य शोधण्याचा अट्टहास मी करणार नाही. तिकडे पोटाचा प्रश्न होता, इकडे हौसेचा. तरी पण वेठ आणि मजुरी यांच्यापलीकडे श्रमाची एक तिसरी जात आहे, हे सिद्ध करण्याचा प्रयत्न त्या वर्षी पृथ्वीच्या दोन टोकांना एकदमच चालला होता, एवढे नमूद करावेसे वाटते.

स्वयंसेवकांपुढचा पहिला तगादा रुळांचा आणि इंजिनांचा होता. कोरिसची दोन इंजिने सरकारकडून प्रत्येकी २५ पौंडांना मिळाली, आणि त्यांना सर हेडन व जुने व्यवस्थापक एडवर्ड टॉमस यांची नावे दिली. पण माणसे येऊ लागली तसे ध्यानात आले की पाच जुन्या वाहनांत ती मावत नाहीत. दोन फूट तीन इंचांच्या रुळांवर बसणारे डबे बाजारात मिळत नव्हते, कारण त्या मापाच्या रेल्वेच जगात बोटांवर मोजण्याइतक्या झाल्या. तेव्हा शोध सुरू झाला तो बागांतून आणि शेतांतून.

हा प्रकार आपल्याकडच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल, म्हणून खुलासा केला पाहिजे. विलायतेत जुन्या डब्याची चाके व खालचा सांगाडा काढून घेऊन वरची लाकडी पेटी स्वस्तात विकून टाकण्याची पद्धत फार दिवस होती. शेतकरी तीत कोंबड्या ठेवी, माळी अवजारे ठेवी. समुद्रकाठी कुणी दोन डबे समोरासमोर मांडून मध्ये छप्पर घाली आणि उन्हाळ्याचा बंगला करी. बंद पडलेल्या ग्लिन व्हॅली ट्रामवेचा एक डबा असाच चर्क गावच्या पाद्रीसाहेबांच्या बागेत जाऊन बसला होता. कोरिसचा एक डबा १९३० नंतर बागेतल्या खोलीचे काम करीत होता. ग्लिन व्हॅलीचे रूळ दीड इंच अधिक रुंद होते, तेवढा फरक काढावा लागला; पण १९५८ पर्यंत तिचे दोन डबे आणि त्यामागून तीन वर्षांनी कोरिसचा डबा, असे तिघेही तालिथ्लिनच्या गाडीत पुन्हा चाकांवर उभे राहिले. ज्या रेल्वे नामशेष झाल्या त्यांचे डबे शेजारच्या गरीब रेल्वेच्या आश्रयाने जगले. थोरल्या घराची भांडी धाकट्या घरात निघावीत तसेच हे झाले.

अशी पेटी कारखान्यात येते तेव्हा नेमके काय करावे लागते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. प्रथम तिच्या अंगावरचे परके थर उतरवायचे. घर म्हणून वापरलेल्या डब्यात भिंतींवर फुलाफुलांचा कागद असतो, त्याखाली वर्तमानपत्र, त्याखाली चुना, त्याखाली तेलरंग, आणि शेवटी एखाद्या दाराच्या आतल्या अंगाला धूम्रपानाविषयीच्या सूचनेची अक्षरे किंवा दर्जाचा आकडा पुसट दिसू लागतो. तो दिसेपर्यंत खरवडणाऱ्याने हात सैल ठेवायचा असतो. जोर केला तर ज्या पुराव्यासाठी खरवडतो तोच भुशात जातो. मग सांगाड्याची परीक्षा. वरच्या पट्ट्या बहुधा धड निघतात, कारण कोंबड्यांच्या मालकाने वर पत्रा घातलेला असतो. खालची लांब तुळई मात्र जमिनीला टेकून कुजलेली असते, आणि पटाशी टोचली तर लोण्यात शिरावी तशी शिरते. ती पुरीच्या पुरी बदलायची. पण उभा खांब वरून तीन चतुर्थांश चांगला असेल तर सुज्ञ सुतार तो फेकत नाही; कुजका पाव भाग तिरका कापून तिथे नव्या ओकचा तुकडा असा सांधतो की कूस खाचेत बसल्यावर सांध्यात सुरीचे पाते जाऊ नये. नवा खांब करायला एक दिवस पुरेल आणि या सांध्याला तीन लागतील. पगारी कारखान्यात हा हिशेब बसत नाही. रविवारी येणाऱ्या निवृत्त माणसाच्या जमाखर्चात मात्र तो दिवस खर्ची पडत नाही, जमेलाच धरला जातो.

छपराची रीत जहाजाच्या डेकसारखी. फळ्या एकमेकींत खोबणीने बसवायच्या, त्यांवर सफेद्याच्या दाट रंगाचा लेप द्यायचा, तो ओला असतानाच जाड कॅनव्हास ताणून पसरायचे आणि कडांना चुका मारून पुन्हा वरून रंगवायचे. बाहेरून महोगनीच्या पातळ फळ्या आणि त्यांच्या सांध्यांवर गोलसर पट्ट्या. रंग म्हणजे एक-दोन हात नव्हेत. अस्तर, मग लांबी भरणे, मग काचकागदाने पाण्यात घासणे, पुन्हा लांबी, पुन्हा घासणे, मग रंगाचे हात, रेषा, सोन्याच्या वर्खाची अक्षरे आणि शेवटी वॉर्निश. या साऱ्यांची संख्या डझनापलीकडे सहज जाते, आणि प्रत्येक हात सुकेपर्यंत कारखान्यात कुणी करवत चालवायची नाही असा सक्त हुकूम असतो. दाराची काच खालीवर करायला चामड्याचा भोके पाडलेला पट्टा. तो ओढून पितळी खुंटीत अडकवला म्हणजे काच हवी तिथे थांबते. घोड्याचे केस भरलेल्या गाद्या. त्यांवरचे नक्षीदार मखमली कापड पुन्हा विणून घ्यावे लागते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे साऱ्या खर्चात डोळे पांढरे करणारा आकडा पुष्कळदा या कापडाचाच असतो.

लाकडाचा विषय निघाला म्हणून सागवानाविषयी दोन शब्द. इंग्लंडच्या पूर्व बाजूच्या रेल्वेने १९२३ नंतर ग्रेस्ली या यंत्रज्ञाच्या देखरेखीखाली जे डबे बांधले, ते सागवानाचे होते आणि त्यांना रंग न देता नुसते वॉर्निश करीत. सेव्हर्न व्हॅली रेल्वेच्या स्वयंसेवकांनी अशा डब्यांची अख्खी गाडी उभी केली आहे. सागवानाचा गुण इंग्रजाला आधी कळला तो मात्र मुंबईच्या गोदीत. वाडिया घराण्याने मलबारी सागवानातून बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरले, आणि ते आजही इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे.

तालिथ्लिनच्या उदाहरणाने बाकीच्यांना धीर आला. रोल्ट यांनी या प्रयोगावर पुस्तक लिहिले. १९५३ मध्ये ‘द टिटफील्ड थंडरबोल्ट’ हा विनोदी बोलपट निघाला, तोही हीच कल्पना घेऊन. थॉमस नावाच्या इंजिनाच्या गोष्टींनी आपल्या मुलांनाही वेड लावणारे रेव्हरंड ऑड्री १९५२ मध्ये इथे गार्ड म्हणून राबायला आले होते. एकदा त्यांनी शिट्टी फुंकली, निशाण दाखवले, गाडी सुटली. आणि चहाफराळ विकणाऱ्या बाई फलाटावरच राहिल्या. आपल्या हातून झालेली ही चूक त्यांनी लपवली नाही. १९५५ च्या पुस्तकात तिची गोष्ट करून टाकली.

दक्षिणेकडे ससेक्समध्ये ब्लूबेल रेल्वेची कथा निराळी, आणि ती दप्तरात जन्मली. सरकारी रेल्वेने हा मार्ग १९५५ मध्ये बंद केला तेव्हा मिस बेसेमर या तिथल्याच बाईंनी मूळ कायद्याचे कलम शोधून काढले, की या मार्गावर रोज चार गाड्या सोडणे बंधनकारक आहे. पोलादाची रीत शोधून काढणाऱ्या हेन्री बेसेमर यांची ही नात. सरकारला १९५६ मध्ये गाड्या पुन्हा सोडाव्या लागल्या, आणि पार्लमेंटकडून ते कलम रद्द करून घेतल्यावरच १९५८ मध्ये मार्ग दुसऱ्यांदा बंद करता आला. तेवढ्या अवधीत लोकांचे लक्ष तिकडे वळले होते. ७ ऑगस्ट १९६० पासून स्वयंसेवकांची गाडी धावू लागली. एक इंजिन आणि दोन डबे मिळून ७५० पौंड पडले होते. दुसऱ्याच वर्षी त्यांनी लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेचे चार जुने डबे घेतले, जे आदल्या वर्षापर्यंत चेशॅमच्या फाट्यावर रोजच्या चाकरमान्यांना नेत होते. एका दृष्टीने हेच जतन उत्तम. डबा कोंबड्यांकडे जाण्यापूर्वीच हाती लागला.

या उद्योगाविषयी एक आक्षेप घेतला जातो आणि तो पोकळ नाही. तळाची तुळई नवी, छप्पर नवे, गाद्या नव्या, खालचा सांगाडा भलत्याच मालवाहू वाहनाचा. मग यात जुने उरले काय? मला वाटते, हा प्रश्न वस्तुसंग्रहालयाने विचारावा, गाडीने नव्हे. उतारूंना घेऊन जो चालतो तो झिजणारच, आणि व्हिक्टोरियाच्या काळातही कारखान्यात फळ्या बदलतच होत्या. दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. त्या वॉर्निश केलेल्या लाकडाचे रूप पाहून हरखणाऱ्याने २२ मे १९१५ ची स्कॉटलंडच्या सीमेवरील क्विंटिन्सहिलची दुर्घटना आठवावी. सैनिकांनी भरलेल्या लाकडी, गॅसच्या दिव्यांच्या डब्यांनी टकरीनंतर पेट घेतला आणि दोनशेंहून अधिक माणसे गेली. लाकडी डबा गेला तो केवळ नव्याच्या हव्यासाने नव्हे. पोलादाच्या डब्यात माणूस अधिक सुरक्षित होता म्हणूनही गेला. आज या हौशी रेल्वेंना बहुशः ताशी २५ मैलांची मर्यादा घातलेली असते, दिवे विजेचे असतात, आणि तपासनीस अजूनही येतात.

आपल्याकडे हा मार्ग कुणी फारसा धरला नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १९७७ पासून राजेमहाराजांचे शाही डबे उत्तम ठेवलेले आहेत; ते सरकारने ठेवले. स्थानकांपुढे चौथऱ्यांवर इंजिनेही पुष्कळ मांडलेली दिसतात. ज्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत बसून वारकरी बार्शी लाइटने पंढरपूरला जात, त्यांतला एखादा कुणी अशा चौथऱ्यावर चढवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. कुठे शेतात, कुठे एखाद्या बागेत त्याची पेटी उभी असेल तर ज्याच्या दृष्टीस पडेल त्याने निदान वर पत्रा घालावा. बाकीचे पुढे कुणी तरी करील.

तालिथ्लिनचे चार डबे आणि तिकिटांच्या खिडकीची गाडी दीडशे वर्षांनंतरही तिथेच आहेत. २०२१ मध्ये वायव्य वेल्सचा पाटीच्या दगडाचा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला, त्यात ही रेल्वेही आली. गेल्या साठ वर्षांत स्वयंसेवकांनी गर्दीसाठी लांब, बोगीचे नवे डबेही तयार करून घेतले. पूल मात्र जुनेच आहेत, त्यामुळे कॅप्टन टायलरच्या हुकमाची तामील अद्याप चालू आहे: नव्या डब्यांनाही दारे एकाच बाजूला आहेत.